उजेड टिपणारे साक्षीदार

ताऱ्यांविषयी माणसाला जे काही ठाऊक आहे, ते जवळजवळ सगळं त्यांच्या उजेडावरून. सूर्याचा तुकडा कोणी आणून परीक्षानळीत घातलेला नाही. तरीही सूर्यात हायड्रोजन आहे, लोखंड आहे, सोडियम आहे, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवतात आणि ते खरं असतं. हे कळलं कसं? उजेड लोलकातून गेला की त्याचे रंग पसरतात, त्याला वर्णपट म्हणतात. त्या रंगांच्या पट्ट्यात बारीक रेघा असतात. १८५९ च्या सुमारास किर्खहॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसं रेघेवरून द्रव्य ओळखता येतं.

पण ठसा उमटायला कागद लागतो. लोलकातून आलेला उजेड कुणीतरी टिपावा लागतो. या टिपणाऱ्या वस्तूला शास्त्रज्ञ डिटेक्टर म्हणतात, मराठी पुस्तकांत संवेदक असा शब्द आहे. दुर्बिणीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, तिच्या पोटातल्या या संवेदकाचं नाव कुणी घेत नाही. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाशी माझा संबंध वाचकाचा. पण कविता लिहिणाऱ्याला शब्दांचा नाद असतो, आणि 'टिपणे' हा आपला शब्द मला या कामासाठी फार नेमका वाटतो. चिमणी दाणे टिपते, टिपकागद शाई टिपतो आणि मुनीम हिशेब टिपून ठेवतो. एकेक कण उचलणं, तो शोषून घेणं आणि त्याची नोंद ठेवणं, ही तिन्ही कामं संवेदक करतो. त्याची गोष्ट आज सांगायची आहे, कारण तिची काही महत्त्वाची पानं आपल्या महाराष्ट्रात, थेट आपल्या विदर्भात लिहिली गेली आहेत.

माणसाचा पहिला संवेदक म्हणजे डोळा. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, असं अनेक ग्रीक पंडित मानत. अकराव्या शतकाच्या आरंभी, बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात सांगितलं की उजेड वस्तूकडून येऊन डोळ्यात शिरतो. डोळा काही पाठवत नाही, फक्त घेतो. संवेदकाची सगळी कल्पना या एका विधानात आहे.

पण डोळ्याची एक अडचण आहे, ती आम्हा मुसलमानांच्या घरात दरवर्षी अनुभवाला येते. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी सगळा मोहल्ला पश्चिमेकडे बघत उभा असतो. एकाला चंद्रकोर दिसते, शेजारच्याला दिसत नाही. मग दिसली असं सांगणाऱ्याची साक्ष घेतात. माणूस कसा आहे, किती जणांनी पाहिली, ढग होते का, हे सगळं विचारतात. कारण डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, सांगणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या खगोलशास्त्राची स्थिती थेट अशीच होती.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली हिंदुस्थानावरून गेली. लोलकाचं यंत्र लावून ग्रहण पाहण्याची ही पहिली मोठी संधी. फ्रान्सचे पिएर जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यंत्र लावून बसले होते. ढगांच्या फटीतून त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन लखलखीत रेघा दिसल्या. जान्सेन यांनी पुढे जाऊन दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसतानाही, त्या रेघा पाहिल्या. तिकडे इंग्लंडमध्ये, युद्ध खात्यात कारकुनी करणारे नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी स्वतंत्रपणे तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. ती पिवळी-नारिंगी रेघ सोडियमची नाही, पृथ्वीवर न सापडलेल्या द्रव्याची आहे, या निष्कर्षाला लॉकियर आले. त्यातून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं.

आता इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचा कट्टा दाखवतात. १८६८ साली लॉकियरसाहेबांनी इथूनच हेलियम शोधला, असं सांगतात. मी तो कट्टा पाहिला आहे. समुद्राचा वारा, मागे तटबंदी, अशा जागी कुणालाही ती कथा खरीच वाटावी. पण १८६८ साली लॉकियर हिंदुस्थानात नव्हते. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. 'मेलपोमीन' या आरमारी जहाजाचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते, आणि त्या मोहिमेचा अहवाल लॉकियर यांनी स्वतः लिहिला आहे. कट्टा खरा, साहेब खरा, फक्त साल चुकलेलं. लोकस्मृतीने दोन ग्रहणं एकत्र बांधून टाकली.

या चुकीमुळे एक नुकसान झालं. १८६८ च्या झगमगाटात १८९८ चं ग्रहण झाकून गेलं. माझ्या मते महाराष्ट्राच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचं होतं, कारण त्या दिवशी साक्षीदार बदलला होता. डोळ्याच्या जागी काचेची छायाचित्रपाटी आली होती.

त्या दिवसाकडे जाण्याआधी पुण्याच्या एका प्राध्यापकाची ओळख करून दिली पाहिजे. कावसजी दादाभाई नायगमवाला, जन्म १८५७. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीला सरकारची जोड मिळवून त्यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंच व्यासाची ग्रब कंपनीची परावर्ती दुर्बीण पुढे अनेक दशकं देशातली सर्वांत मोठी होती. नायगमवालांना रस होता तो वर्णपटात. मृगातल्या तेजोमेघाची एक ठळक हिरवट रेघ त्या काळी वादाचा विषय होती. लॉकियर म्हणत, ती मॅग्नेशियमची असावी. तसं असेल तर रेघ एका बाजूने पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून पाहिलं, त्यांना ती धारदारच दिसली, आणि १८९१ मध्ये त्यांनी तसं प्रसिद्ध केलं. साम्राज्याच्या राजधानीतल्या नामवंताच्या मताविरुद्ध पुण्यातला एक पारशी प्राध्यापक साक्ष देत होता, आणि साक्ष बरोबर ठरली. ती रेघ इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची आहे, हे १९२७ साली सिद्ध झालं.

आता २२ जानेवारी १८९८. सावलीचा पट्टा विजयदुर्गाकडून निघून जेऊर, मग वऱ्हाड, मग वर्धा, आणि तिथून ईशान्येला शहडोल-बक्सरकडे गेला. आपला भंडारा जिल्हा त्या वाटेच्या जवळच. विजयदुर्गाला लॉकियर. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला नायगमवाला, आणि त्याच गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल. धामणगाव-पुलगाव रेल्वेमार्गावरच्या तळणीला वॉल्टर आणि अ‍ॅनी माँडर हे दांपत्य व जॉन एव्हरशेड. पुलगावला केंब्रिजचे न्यूअल आणि कॅप्टन हिल्स. आज यातल्या बऱ्याच गावांवरून गाडी न थांबता जाते. त्या दुपारी मात्र जगभरचे नाणावलेले खगोलशास्त्रज्ञ तिथे तंबू ठोकून होते. हातात वेळ जेमतेम दोन मिनिटं.

त्या दोन मिनिटांत काय झालं, याची दोन उदाहरणं देतो. ग्रहणात सूर्याभोवती जे चांदीसारखं प्रभामंडळ दिसतं, त्याला करोना म्हणतात. १८६९ च्या ग्रहणात त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेघ दिसली होती. ती कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना, म्हणून 'करोनियम' नावाचं नवं द्रव्यच कल्पिलं गेलं. तिची जागा ५३१७ या आकड्यावर आहे असं डोळ्याने पाहणाऱ्यांनी ठरवलं होतं. हा आकडा म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी. तो अँगस्ट्रॉममध्ये मोजतात, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. सूर्यपृष्ठाजवळची दुसरीच एक रेघ आणि ही रेघ एकच समजली गेली होती. १८९८ च्या ग्रहणातल्या काचपाट्या धुऊन मोजल्या तेव्हा कळलं की करोनाची रेघ ५३०३ वर आहे. एकोणतीस वर्षं डोळ्यांची साक्ष चुकत होती आणि ती दुरुस्त केली महाराष्ट्रात टिपलेल्या पाट्यांनी. डोळा दोन मिनिटं पाहतो आणि आठवणीवर बोलतो. पाटी घरी नेता येते, भिंगाखाली पुन्हापुन्हा मोजता येते, आणि न पटल्यास दुसऱ्याच्या हाती देता येते.

दुसरं उदाहरण तळणीचं. एव्हरशेड यांच्या पाट्यांवर वर्णपटाचा अतिनील भागही उमटला, जिथे आपला डोळा आंधळा असतो. हायड्रोजनच्या रेघा जिथे दाटत जाऊन संपतात, त्याच्या पलीकडे एक अखंड पुसट उजेड त्यांना आढळला. वऱ्हाडातल्या एका लहानशा स्टेशनाजवळ माणसाने न दिसणाऱ्या रंगाची नोंद घेतली होती. पण त्याही पलीकडे पाटी कोरीच राहायची. त्यात पाटीचा दोष नव्हता. वातावरणातला ओझोन तो उजेड जमिनीपर्यंत पोचूच देत नाही.

पुण्याच्या वेधशाळेचं पुढे काय झालं? १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. दुर्बीण आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. तिथे तेव्हा तळणीचेच एव्हरशेड काम करत होते, त्यामुळे उपकरणं योग्य हाती पडली असं म्हणता येईल. पण महाराष्ट्रातलं ते काम एका माणसाबरोबर सुरू झालं आणि त्याच्याबरोबरच थांबलं. त्याच्यामागून शिकलेली मुलांची पिढी तयार झाली नाही. ही खंत मी मुद्दाम नोंदवतो.

दरम्यान उजेडाविषयीची समजच बदलत होती. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी मांडलं की उजेड कणांच्या रूपाने येतो आणि एकेक कण धातूतून एकेक इलेक्ट्रॉन उडवू शकतो. म्हणजे उजेड मोजता येतो, धान्य मोजावं तसा. छायाचित्रपाटीवर शंभर कण पडले तर जेमतेम एखाद-दुसरा उपयोगी पडायचा, बाकीचे वाया. मग १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सिलिकॉनची एक चकती तयार केली. तिला सीसीडी म्हणतात. ही चकती शंभरातले ऐंशी-नव्वद कण टिपू शकते. दोघांना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

सीसीडी समजायला आपल्या जिल्ह्यातलं धानाचं शेत डोळ्यांपुढे आणा. शेतात चौकोनी बांध्या असतात. पाऊस पडला की प्रत्येक बांधीत तिच्यावर पडलेलं पाणी साचतं. सीसीडीत अशा लाखो सूक्ष्म बांध्या असतात. उजेडाचा कण पडला की बांधीत इलेक्ट्रॉन साचतो. पाऊस थांबला की एका बांधीचं पाणी पुढच्या बांधीत, तिथलं त्याच्या पुढच्या बांधीत असं ओळीने सरकवत कोपऱ्यापर्यंत आणतात आणि तिथे एकेकाचं माप घेतात. मापांची यादी म्हणजेच चित्र. मात्र यात एक खोट आहे. चकती गरम असेल तर उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे न पडलेला पाऊस मोजला जातो. कोर्टाच्या भाषेत खोटी साक्ष. म्हणून संवेदक थंड ठेवावे लागतात. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीतलं एक उपकरण उणे २६६ अंश सेल्सिअसपर्यंत गार ठेवलेलं आहे. ती दुर्बीण अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण पाहते. स्वतःच्याच उबेने तिचे डोळे दिपू नयेत, यासाठी ही व्यवस्था.

ओझोनच्या आड लपलेला उजेड टिपायचा तर संवेदक आकाशात नेणं भाग होतं. अतिनील किरणांचं तसंच, क्ष-किरणांचंही तसंच. इथे पुन्हा महाराष्ट्राची वाट सुरू होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडून क्ष-किरणांचे संवेदक वर पाठवले. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावर त्यांचे संवेदक गेले. आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'अ‍ॅस्ट्रोसॅट' निघाला, अवकाशातली भारताची पहिली वेधशाळा.

अ‍ॅस्ट्रोसॅटवर वेगवेगळ्या स्वभावाचे साक्षीदार एकत्र नांदतात. मुंबईत बनलेल्या लॅक्सपीसी या उपकरणात झेनॉन वायूने भरलेल्या पेट्या आहेत. क्ष-किरणाचा कण वायूत आदळला की विजेचा छोटा झटका उमटतो. दुसऱ्या एका उपकरणात कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या स्फटिकाच्या ६४ चौकोनी वड्या आहेत, प्रत्येकीचे २५६ भाग, म्हणजे एकूण १६,३८४ बांध्या. मुंबईची टाटा संस्था आणि पुण्याची आयुका, दोघींचा त्यात हात आहे. तिसऱ्या, मऊ क्ष-किरणांच्या दुर्बिणीत ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाच्या साह्याने आलेला सीसीडी आहे, उणे ८२ अंशांवर गार केलेला. या संवेदकांना लोलकाची गरज लागत नाही. क्ष-किरणाच्या एका कणात इतकी ऊर्जा असते की तो एकटाच मूठभर इलेक्ट्रॉन सोडवतो. किती सुटले ते मोजलं की कणाचा 'रंग' कळतो. दाणा टिपतानाच त्याची जात ओळखावी, तसा हा वर्णपट तयार होतो.

अतिनील दुर्बिणीचे संवेदक आणखी निराळे. ते कॅनडाच्या सहकार्याने आले. उजेडाचा एक कण पातळ थरावर पडतो, एक इलेक्ट्रॉन उडतो, तो केसाहून बारीक काचनळ्यांत आपटत आपटत हजारोंची फौज उभी करतो, आणि ती पुढे एक ठिपका उमटवते. ठिपका म्हणजे एक कण. पुण्याच्या आयुकातले कनक साहा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने २०१६ च्या ऑक्टोबरात या दुर्बिणीने आकाशाचा एक तुकडा अठ्ठावीस तासांहून अधिक काळ पाहिला. ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निघालेले तीव्र अतिनील किरण त्यांना सापडले, आणि २०२० मध्ये शोध प्रसिद्ध झाला. गंमत अशी की हबल दुर्बिणीने तोच तुकडा आधी बारकाईने धुंडाळला होता. हबलचा आरसा २४० सेंटिमीटरचा, आपला सुमारे ३८ चा. पण आपला संवेदक अधिक शांत होता, त्याच्यात खोट्या ठिपक्यांचा गलका फार कमी. पुरेशी शांतता असेल तर लहानशा खिडकीतूनही हाक ऐकू येते.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. लॅक्सपीसीच्या तीन पेट्यांपैकी एकीतून वायू गळत होता, ती २०१८ मध्ये बंद करावी लागली. त्याच वर्षी अतिनील दुर्बिणीचा एक विभागही थांबला. ६५० किलोमीटर उंचीवर जाऊन कुणी दुरुस्ती करू शकत नाही. तरी पाच वर्षांसाठी पाठवलेल्या या वेधशाळेने २०२५ मध्ये दहा वर्षं पूर्ण केली.

आणि ती हिरवी रेघ? १९३९ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी तिचं कोडं सोडवलं. करोनियम नावाचं द्रव्य कुठेच नव्हतं. ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या लोखंडाची रेघ निघाली. लोखंडाची अशी दशा व्हायला दहा लाख अंशांहून जास्त उष्णता लागते, म्हणजे करोना सूर्याच्या पृष्ठापेक्षा कितीतरी पट तापलेला आहे. तो इतका का तापतो, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेलं 'आदित्य-एल१' हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर राहून याचाच शोध घेतं. त्यावरच्या बंगळुरूच्या उपकरणात एक तबकडी सूर्याला झाकून कायमचं ग्रहण घडवते आणि संवेदक करोनाची तीच रेघ टिपतो, ५३०३ वरची. शेजारीच आयुकाने पुण्यात घडवलेली 'सूट' ही अतिनील दुर्बीण आहे. तिच्या सीसीडीत ४०९६ गुणिले ४०९६ बांध्या. एव्हरशेड यांच्या पाटीच्या पलीकडे जो उजेड अडून राहिला होता, त्यातला मोठा भाग आता ती टिपते.

म्हणून मला वाटतं, विजयदुर्गाच्या कट्ट्यापाशी मुलांना खरं साल सांगावं, १८९८. कोकणाच्या अभिमानाला त्याने धक्का बसणार नाही. उलट त्याच एका दुपारच्या सावलीत जेऊर येईल, तळणी येईल, पुलगाव येईल, आणि पुण्याचे कावसजी नायगमवाला येतील, ज्यांचं नाव आज खुद्द पुण्यातही किती जणांना आठवत असेल याची शंका आहे. या गावांच्या स्टेशनांवर एकेक पाटी लागली तरी पुरे. गाडीची वाट बघणारं एखादं पोर ती वाचेल, आणि इथे उजेडाची साक्ष नोंदवली गेली होती, हे त्याला कळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)